एकाचे एक अंडे, दुसऱ्याची पाच वेते

जूनच्या अखेरीस स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील आइल ऑफ मे या छोट्याशा बेटावर मोठी धांदल असते. समुद्राकडून पफिन पक्षी जिवाच्या आकांताने पंख मारत येतात. चोचीत बोटभर लांबीचे आठ-दहा चंदेरी मासे आडवे धरलेले. वर कुरव घिरट्या घालत असतात, मासे हिसकावून घ्यायला टपलेले. पफिन जमिनीला टेकतो आणि क्षणभरही न रेंगाळता बिळात शिरतो. आत सुमारे मीटरभर अंतरावर, अंधारात, राखाडी लव असलेले एक पिल्लू बसलेले असते. एकच.

तिथून चारशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीत, एखाद्या संथ चराच्या काठचे गवत हलते आणि ‘डुबुक’ असा आवाज येतो. पाहणाऱ्याला तपकिरी पाठीची एक झलक मिळते, बस्स. काठावर तिरक्या कापलेल्या गवताच्या काड्यांचा छोटा ढीग पडलेला असतो आणि ओल्या मातीत एक गोल भोक दिसते. हे वॉटर व्होलचे घर. त्या बिळातही पिल्ले असतात. पाच-सहा, आणि ती या मोसमातली पहिली नव्हेत.

पफिन समुद्रावर जगणारा पक्षी, तर व्होल गोड्या पाण्याच्या काठाचा कुरतडणारा सस्तन प्राणी. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण दोघेही अर्ध्या किलोच्या आतले, दोघेही बिळात पिल्ले वाढवणारे, दोघांचेही पोट पाण्यावर अवलंबून. आणि दोघांच्याही नावापुढे ब्रिटनमध्ये एकच शिक्का बसला आहे. २०१५ मध्ये पफिन तिथल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. २०२० मध्ये सस्तन प्राण्यांच्या लाल यादीने व्होलला ‘संकटग्रस्त’ ठरवले.

डॉक्टरकडे दोन रुग्ण ताप घेऊन आले, तर थर्मामीटरवरचा आकडा दोघांचा सारखा असू शकतो. एकाला मलेरिया असतो, दुसऱ्याला न्यूमोनिया. ‘धोक्यातील प्रजाती’ हा शब्दही असाच थर्मामीटरचा आकडा आहे. दुखणे किती खोल आहे, किती दिवसांत आटोक्यात येईल आणि औषध कोणाच्या हातात आहे, हे तो सांगत नाही. पफिन आणि व्होल यांना शेजारी ठेवून पाहिले की हे लख्ख दिसते.

पोटाचे गणित

आधी त्यांची शरीरे पाहू, कारण पुढचे सगळे तिथूनच सुरू होते.

पफिनचे वजन साधारण चारशे ग्रॅम. पंख शरीराच्या मानाने आखूड, त्यामुळे हवेत तरंगण्यासाठी त्याला मिनिटाला सुमारे चारशे वेळा ते हलवावे लागतात. उडताना तो किल्ली दिलेल्या खेळण्यासारखा दिसतो. पण हेच आखूड पंख पाण्याखाली वल्ह्यांचे काम करतात आणि तो साठ मीटर खोलीपर्यंत जाऊ शकतो. त्याच्या जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात. पकडलेला मासा त्या काट्यांत अडकवून तो पुढचा मासा टिपतो. एकदा ब्रिटनमध्ये एका पफिनच्या चोचीत एकाच वेळी बासष्ट मासे मोजले गेले होते. ती प्रसिद्ध रंगीत चोच मात्र फक्त विणीच्या हंगामापुरती. मोसम संपला की रंगीत पापुद्रे गळून पडतात आणि मळकट चोचीचा हा पक्षी खुल्या समुद्रावर निघून जातो. पुढचे सात-आठ महिने त्याचा पाय जमिनीला लागत नाही. तहान लागली तरी समुद्राचेच पाणी. जास्तीचे मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडते.

व्होलचे शरीर पाण्यासाठी घडवल्यासारखे वाटतच नाही. पायांना पडदे नाहीत, शेपटी वल्ह्यासारखी चपटी नाही. दीडशे ते तीनशे ग्रॅम वजन, बोथट नाक, केसांत बुडालेले कान. लांबून घुशीचे पिल्लू वाटेल, पण नातेसंबंध पाहिले तर घरातल्या उंदरांपेक्षा लेमिंग आणि हॅमस्टर त्याला जवळचे. पाण्यात तो काही सेकंदच बुडी मारतो. शत्रू मागे असेल तर तळाचा चिखल ढवळून गढूळ पाण्याच्या आडोशाने निसटतो आणि पाण्याखाली उघडणाऱ्या दारातून बिळात शिरतो.

लहान शरीर, त्यात वारंवार ओले होणारे. त्याची ऊब झपाट्याने निघून जाते. आणि खायचे काय, तर गवत, लव्हाळी, कंदमुळे. पोट भरते पण ताकद थोडी. म्हणून व्होल रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास ८० टक्के खातो. साठ किलो वजनाच्या माणसाने रोज अठ्ठेचाळीस किलो पालेभाजी खाण्यासारखे हे आहे. ब्रिटनमध्ये त्याच्या आहारात २२७ प्रकारच्या वनस्पतींची नोंद झाली आहे, म्हणजे चोखंदळपणा त्याला परवडत नाही. बिळाच्या तोंडाशी गवत इतके बारीक कुरतडलेले असते की कुणी कात्रीने हिरवळ कापली असे वाटावे. पिल्ले लहान असताना मादी फार लांब जात नाही, दाराशीच चरते.

पफिनचे उलटे आहे. त्याचे अन्न जवळ नसते आणि पर्यायही मोजके. उत्तर समुद्राच्या बाजूला पिल्लांना भरवायचा मुख्य मासा म्हणजे सँडईल, पेन्सिलीसारखा सडपातळ आणि तेलाने भरलेला. या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षे सँडईलची वानवा झाली, तेव्हा पफिन आणि इतर सागरी पक्षी स्नेक पाइपफिश नावाचे मासे घेऊन घरी येऊ लागले. हे मासे लांब, ताठ आणि हाडकुळे. पिल्लांना ते गिळता येईनात. बिळांत आणि घरट्यांत न खाल्लेल्या पाइपफिशचे वाळके सांगाडे सापडू लागले. आईबापांनी आपले काम चोख केले होते. त्यांनी आणलेला डबा मुलांना खाता येण्यासारखा नव्हता, एवढेच.

पाळण्याचे गणित

दोघांमधला खरा फरक आहे वेळेचा.

व्होलची मादी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत दोन ते पाच वेळा विते. गर्भारपण सुमारे तीन आठवड्यांचे, प्रत्येक वेतात पाच-सहा पिल्ले. वसंतात जन्मलेली लेक त्याच उन्हाळ्यात आई होऊ शकते. एवढी भरभराट असूनही शरद ऋतूत जिवंत असलेल्या व्होलपैकी ७० टक्क्यांपर्यंत हिवाळ्यात मरतात. दुसरा हिवाळा पाहणारा व्होल विरळाच. यात काही बिघडलेले नाही. प्रजातीचा हिशेबच तसा आहे. भरपूर कमवायचे, भरपूर गमवायचे आणि वसंतात पुन्हा दुकान उघडायचे.

पफिन पाच वर्षांचा झाल्यावर कुठे पहिल्यांदा विणीला लागतो. मग वर्षाला एक अंडे. ते सुमारे सहा आठवडे उबवायचे, पिल्लाला आणखी सहा आठवडे भरवायचे, दोघांनी मिळून. त्यातून पिल्लू उडेल याची खात्री नाही. मग हा संसार चालतो कसा? दीर्घायुष्यावर. एकदा मोठा झालेला पफिन वीस वर्षे सहज जगतो. तिशी ओलांडलेले पक्षीही कड्यांच्या नोंदींतून माहीत झाले आहेत. चार-पाच वर्षे पिल्ले हाती लागली नाहीत तरी जोडी पुन्हा पुन्हा प्रयत्न करू शकते. पण त्याच जोडीतला एक हिवाळी वादळात गेला, तर त्याची जागा घ्यायला आज जन्मलेल्या पिल्लाला पाच वर्षे लागतात.

या फरकाचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही. व्होलवर संकट आले की ते लगेच दिसते. दोन मोसमांत नदीकाठ ओस पडतो. पफिनवर संकट आले तरी बेट गजबजलेलेच राहते. म्हातारे जोडपे दरवर्षी येते, बीळ साफ करते, अंडे घालते, पर्यटक फोटो काढतात. आत पिल्ले उपाशी मरत आहेत, हे बिळात हात घातल्याशिवाय कळत नाही.

नॉर्वेच्या रोस्ट बेटांवर हेच घडले. तिथे १९६० च्या दशकाच्या शेवटी हेरिंग माशांचा साठा बेसुमार मासेमारीने कोसळला. त्यानंतर जवळपास दरवर्षी पफिनची पिल्ले उपासमारीने मरत राहिली. तरीही १९७९ मध्ये तिथे १४-१५ लाख जोड्या मोजल्या गेल्या. ते सगळे आधीच्या सुकाळात जन्मलेले पक्षी होते. ते म्हातारे होऊन गळू लागले तेव्हा आकडे घसरायला लागले, आणि आज तिथे त्यातला लहानसा भागच उरला आहे. पेन्शनवर चालणारे गाव बाहेरून सुस्थितीत दिसते. शाळेचा पट पाहिला की खरे कळते. रोस्टचे तसेच झाले.

म्हणूनच जगात अजूनही एक कोटीहून अधिक पफिन असताना त्याला जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ ठरवण्यात आले, यात अतिशयोक्ती नाही. यादी करणारे केवळ आजचा आकडा मोजत नाहीत, तीन पिढ्यांमध्ये घसरण किती होईल हे पाहतात. पफिनच्या तीन पिढ्या म्हणजे अर्धशतकाहून मोठा काळ. याउलट २०१८ च्या अंदाजानुसार ग्रेट ब्रिटनमध्ये व्होल उरले आहेत जेमतेम १ लाख ३२ हजार, तरी जागतिक यादीत त्याच्या नावापुढे ‘चिंता नाही’ असे लिहिलेले आहे. युरोपच्या काही भागांत तर त्याच्या वंशातले प्राणी कुरणे पोखरतात म्हणून शेतकरी त्यांच्या नावाने बोटे मोडतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातही पाण्यापासून दूर, बागांत आणि रस्त्याकडेच्या गवतात बिळे करून राहणारे वॉटर व्होल आढळले आहेत. नावातले ‘वॉटर’ त्यांनी मनावर घेतलेले दिसत नाही.

सडपातळ पाहुणी

केनेथ ग्रॅहमच्या ‘द विंड इन द विलोज’ या १९०८ च्या पुस्तकातला रॅटी हा खरे तर वॉटर व्होल. त्या काळी इंग्लंडच्या ओढ्याकाठी तो इतका नेहमीचा होता की लहान मुलांच्या गोष्टीत त्याला आणायला कारण लागले नाही. १९८९-९० मध्ये देशभर पाहणी झाली आणि १९९६ ते १९९८ मध्ये ती पुन्हा करण्यात आली. या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात व्होलची संख्या जवळपास ९० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ब्रिटनमधल्या कोणत्याही सस्तन प्राण्याची इतक्या वेगाने झालेली घसरण क्वचितच नोंदली गेली असेल.

कारणे दोन, आणि ती एकमेकांत गुंतलेली. पहिले म्हणजे काठच उरले नाहीत. नद्या सरळ केल्या, काठ दगडी-सिमेंटचे झाले, शेते आणि गुरे पाण्यापर्यंत आली. बीळ करायला माती आणि लपायला गवत अरुंद पट्ट्यापुरते राहिले. दुसरे कारण उत्तर अमेरिकेतून आले. मिंक हा मुंगसासारख्या लांबट बांध्याचा, पाण्यात पटाईत, मौल्यवान फरचा प्राणी. १९२९ पासून ब्रिटनमध्ये त्याचे फार्म सुरू झाले. पळालेल्या मिंकची रानात वीण होत असल्याचा पुरावा १९५६ मध्ये डेव्हनमधील टीन नदीवर मिळाला. १९९८ मध्ये प्राणिमुक्तीच्या नावाखाली काही कार्यकर्त्यांनी हॅम्पशायरमधल्या एका फार्मवरून हजारो मिंक सोडून दिले. पण तोवर हा प्राणी देशभर पसरलेला होता.

व्होलला शत्रू काही नवे नाहीत. बगळे, घुबडे, विझल, पाणमांजर असे सगळेच त्याला खातात. त्यांच्याविरुद्ध त्याच्याकडे दोन युक्त्या होत्या: पाण्यात बुडी आणि बिळात धूम. घुबड पाण्यात येत नाही, पाणमांजर बिळात मावत नाही. मिंक मात्र पाण्यात त्याच्या मागे पोहतो, आणि मिंकची मादी इतकी सडपातळ असते की ती बिळातही शिरते. पिल्ले असलेली एक मादी एका मोसमात ओढ्याचा संपूर्ण पट्टा साफ करू शकते. हजारो वर्षे कामाला आलेले कुलूप उघडणारी किल्ली एका फर व्यवसायाने आणून दिली.

मिंकच्या फार्मचा प्रश्न व्होलपुरता नाही, माणसाच्या आरोग्याशीही त्याचा संबंध आला. २०२० मध्ये डेन्मार्कच्या मिंक फार्मवर करोना विषाणू पसरला, त्यात बदल झाले आणि तो माणसांत परतला. तिथल्या सरकारने देशातले दीड कोटींहून अधिक मिंक मारायचा निर्णय घेतला. २०२२ च्या ऑक्टोबरात स्पेनच्या गॅलिसियात एका फार्मवर एच५एन१ बर्ड फ्लूने मिंक मरू लागले. पक्ष्यांचा विषाणू दाटीवाटीने ठेवलेल्या सस्तन प्राण्यांत पसरू लागला, ही साथरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने वाईट बातमी होती. त्याच बर्ड फ्लूने त्या काळात ब्रिटनच्या सागरी पक्ष्यांच्या वसाहतींत हजारो पक्षी मारले. इंग्लंड आणि वेल्समध्ये फर फार्मवर बंदी आणणारा कायदा २००० सालीच झाला होता.

व्होलचे दुखणे अशा रीतीने भयंकर असले तरी त्याला चेहरा आहे. दोषी कोण हे माहीत आहे, तो कुठे राहतो हे माहीत आहे आणि त्याला पकडता येते. काम सोपे केले ते एका तराफ्याने. पाण्यावर तरंगणारी फळी, तिच्यावर छोटासा बोगदा, आत ओल्या चिकणमातीची थाळी. कुतूहलापोटी मिंक बोगद्यात डोकावतो आणि त्याच्या पावलांचे ठसे मातीत उमटतात. ठसे दिसले की मग तिथे पिंजरा लावायचा. उगाच सगळीकडे पिंजरे मांडत फिरायची गरज उरली नाही. ईशान्य स्कॉटलंडमध्ये शेतकरी, मासेमारीचे रखवालदार आणि गावकरी यांनी मिळून सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरच्या टापूत अशी मोहीम चालवली. पगारी माणसे मोजकी, स्वयंसेवक शेकड्याच्या हिशेबात.

पूर्व इंग्लंडमधल्या मोहिमेने पुढचे पाऊल टाकले. तिथे पिंजऱ्याचे दार पडताच फोनवर संदेश येतो, त्यामुळे स्वयंसेवकाला रोज प्रत्येक पिंजऱ्यापर्यंत चालत जावे लागत नाही. आमिष म्हणून खाद्याऐवजी मिंकच्याच ग्रंथींचा गंध वापरतात. नॉरफोक आणि सफोकच्या मोठ्या भागात मिंकची वीण थांबली आहे. या कामाच्या पुढाकारात असलेले टोनी मार्टिन यांनी त्याआधी दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरचे उंदीर संपवण्याची मोहीम चालवली होती. जहाजांबरोबर आलेले ते उंदीर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले खात. २०१८ मध्ये ते बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. सागरी पक्ष्यांच्या बेटावर शिकलेला धडा नॉरफोकच्या चरात कामी आला: शेवटचा प्राणी पकडेपर्यंत थांबायचे नाही, कारण उरलेली एक जोडी सगळी मेहनत पाण्यात घालवते.

पकडलेल्या मिंकला गोळी घालतात. यात सुखावण्यासारखे काही नाही. त्या प्राण्याने स्वतःहून अटलांटिक ओलांडलेला नव्हता. पण तो राहिला तर व्होल जातो, हे वीस-तीस वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे आणि दोघांना एका ओढ्यावर नांदवण्याची युक्ती कुणाला सापडलेली नाही. मिंक हटला आणि काठाला गवत असले की व्होल स्वतःच्या वेगाने परततो, कारण पाच वेतांचे गणित आता त्याच्या बाजूने धावू लागते. उत्तर इंग्लंडच्या किल्डर जंगलात २०१७ पासून पिंजऱ्यात वाढवलेले व्होल सोडले गेले ते याच हिशेबावर.

समुद्राला पिंजरा लावता येत नाही

पफिनच्या बाबतीतही जिथे शत्रूला चेहरा होता तिथे यश मिळाले. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला लंडी नावाचे बेट आहे. त्या नावाचा अर्थच, जुन्या नॉर्स भाषेतून, पफिनचे बेट असा सांगतात. २००० च्या सुमारास तिथे पफिन बोटांवर मोजण्याइतके उरले होते. बाकीची कामगिरी उंदरांनी फत्ते केली होती. उंदीर हटवले, २००६ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. २०१९ मध्ये ३७५ पफिन मोजले गेले आणि २०२३ मध्ये हा आकडा हजाराच्या पुढे गेला. वेल्सच्या स्कोमर बेटावर उंदीर कधी पोहोचलेच नाहीत; तिथे पफिन चाळीस हजारांवर आहेत आणि वाढत आहेत. पफिनची स्थिती सगळीकडे सारखी नाही, हे इथे सांगायला हवे.

पण उत्तर समुद्रात आणि त्याच्याही उत्तरेला जे चालले आहे त्याला चेहरा नाही. सँडईल हा मासाही एक प्रकारे बिळातलाच. रात्री आणि जवळपास सगळा हिवाळा तो समुद्रतळाच्या वाळूत स्वतःला पुरून घेतो, वसंतात दिवसा बाहेर येऊन सूक्ष्म प्राणीप्लवक खातो. पाणी गरम होत चालले तसे हे प्लवक बदलले: थंड पाण्यातली चरबीदार जात उत्तरेकडे सरकली, उरलेल्या जातींची वेळ आणि पोषण वेगळे. सँडईलला मात्र उत्तरेकडे सरकता येत नाही. त्याला विशिष्ट जाडीची स्वच्छ वाळूच लागते, आणि ती जिथे आहे तिथेच आहे. मासा अडकला, म्हणून पक्षी अडकला.

त्यातच मासेमारी. सँडईल माणसे खात नाहीत. तो दळून फिशमील आणि तेल करतात, जे डुकरांना आणि पिंजऱ्यातल्या साल्मनला घातले जाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर समुद्रातून वर्षाला दहा लाख टनांच्या घरात सँडईल काढले जात होते, मुख्यतः डेन्मार्कच्या ट्रॉलरनी. २६ मार्च २०२४ पासून ब्रिटनने उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात ही मासेमारी बंद केली. युरोपीय संघाने त्याला आव्हान दिले. हेग इथल्या लवादाने २०२५ मध्ये निर्णय दिला तो थोडा इकडे, थोडा तिकडे: स्कॉटलंडची बंदी योग्य; इंग्लंडची बंदी ठरवताना मच्छीमारांच्या हक्कांचे वजन पुरेसे पाहिले गेले नाही. बंदी मात्र कायम राहिली.

पक्षिप्रेमींनी या बंदीचे स्वागत केले आणि ते रास्तही आहे. पिल्लांचा डबा डुकरांच्या गव्हाणीत जाऊ नये, एवढे तरी माणसाच्या हातात आहे. पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये, याचे कारण आइल ऑफ मेच्याच नोंदींत आहे. तिथे १९७२ पासून माइक हॅरिस यांनी पफिनचा अभ्यास सुरू केला. जगातल्या सर्वांत दीर्घ अशा नोंदींपैकी त्या एक. १९५० च्या दशकात तिथे मोजक्याच जोड्या होत्या. २००३ मध्ये त्या सुमारे ६९ हजारांवर गेल्या. पाच वर्षांनी मोजल्या तेव्हा जवळपास एक तृतीयांश गायब. दक्षिणेच्या फार्न बेटांवरही त्याच वर्षी तेवढीच घट. आणि त्या बेटांभोवतीच्या समुद्रात सँडईलची मासेमारी २००० पासूनच बंद होती!

म्हणजे पक्षी मरत होते ते दुसरीकडे, दुसऱ्या वेळी. संशोधकांनी पफिनच्या पायाला एक-दीड ग्रॅमचे प्रकाशमापक बांधले. दिवस किती तासांचा होता यावरून पक्षी कुठे होता हे ते सांगतात. उत्तर समुद्रातच राहतात असे मानलेले कित्येक पफिन हिवाळ्यात स्कॉटलंडला वळसा घालून अटलांटिकमध्ये जात असल्याचे त्यातून कळले. थंडीत, वादळात, पिसे गळून उडता येत नसलेल्या काळात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर. तिथे पिंजरा नाही, तराफा नाही, स्वयंसेवक नाही. २०१३ च्या मार्चमध्ये दीर्घ वादळानंतर ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो मेलेले पफिन वाहून आले. हडकुळे, पोट रिकामे. विणीच्या वयाचे असे पक्षी गेले की त्यांची जागा भरायला अर्धे दशक लागते, आणि तेही मधल्या वर्षांत पिल्ले उडाली असतील तर.

आइल ऑफ मेवर जुलै संपत आला की पफिनची पिल्ले रात्रीच्या अंधारात एकेकटी बिळाबाहेर येतात, कारण दिवसा कुरव असतात. आईबाप बरोबर नसतात. पिल्लू चालत कड्यापर्यंत जाते, समुद्रात झेप घेते आणि सकाळपर्यंत किनाऱ्यापासून दूर गेलेले असते. सँडईलबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात, २०२४ मध्ये, अशी जी पिल्ले गेली त्यांतली वाचलेली साधारण २०२९ मध्ये आपले पहिले अंडे घालायला परततील. नॉरफोकच्या त्या चरात तोवर व्होलच्या दहा-बारा पिढ्या होऊन गेलेल्या असतील.